आयाबाईंचा पेशंट

कागदाच्या गोदामाचं कुलूप काही केल्या उघडेना, म्हणून मॅनेजरने किल्लीताईला बोलावून घेतलं. गोदाम बंद होऊन बावीस दिवस झाले होते. मालक परगावी, किल्ली कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही, आणि कुलपात पाणी शिरून आतल्या पिना गंजून बसलेल्या.

"तोडून टाका सरळ," मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला.

"तोडायचंच होतं तर मला कशाला बोलावलंत? हातोडी काय, कुणाच्याही हातात चालते," असं म्हणून किल्लीताई पायरीवर फतकल मारून बसली आणि कुलपाच्या भोकात तेलाचे थेंब सोडू लागली.

तिचं खरं नाव आता फक्त कागदपत्रांपुरतं उरलं होतं. वडील कुलूपवाले. त्यांच्याजवळ बसून ती लहानपणीच हा धंदा शिकली, आणि लग्नानंतर सासरच्या घराच्या पुढच्या खोलीत तिने स्वतःचं दुकान थाटलं. पंचेचाळिशी उलटलेली, अंगाने दणकट, तोंडाने त्याहून दणकट. पण कुलपासमोर बसली की तिचा सगळा जोर बोटांत उतरायचा आणि ती गप्प व्हायची. अर्ध्या तासाने आत कुठेतरी बारीक 'टक्' झालं आणि कुलूप सुटलं.

दार ढकलल्याबरोबर कोंदट कागदाचा आणि त्यात मिसळलेला मुताचा वास अंगावर आला. मॅनेजरने नाकाला रुमाल लावला. कोपऱ्यात एक नळ गळत होता. त्याच्याशेजारी, कोसळलेल्या गठ्ठ्यांच्या आडोशाला, करड्या रंगाचं काहीतरी पडलं होतं. किल्लीताईला आधी ते फरशी पुसायचं फडकं वाटलं. मग त्या फडक्याने डोळे उघडले.

मांजरी होती ती. वरच्या झरोक्याची काच फुटली होती, तिथून आत उतरली असणार. उतरताना गठ्ठ्यांची रास ढासळली आणि परत वर जायची वाटच बंद झाली. नळाच्या थेंबांवर ती तगली होती. जवळ खळीचा एक डबा आडवा पडला होता. तो आतून चाटून चाटून घासल्यासारखा लख्ख झाला होता.

"भटकी आहे हां, आमची नाही," मॅनेजर घाईघाईने म्हणाला, जणू कुणी त्याला जाब विचारला होता. "ठेवा बाहेर कुठेतरी. जाईल आपली आपण."

किल्लीताईने तिला उचललं. हाताला वजनच लागेना. लागली ती नुसती हाडं, एकेक मोजून घ्यावीत अशी. तिने मांजरीला बाहेर सावलीत ठेवलं, तर ती चारही पाय पसरून तशीच पडून राहिली. तोंडावर माशी बसली, ती उडवायचंही तिला सुधरेना. किल्लीताई स्कूटरपाशी गेली, चावी लावली, बंद केली, शिवी हासडली आणि मागे फिरली. कानशी, पकडी, तारा, सगळी हत्यारं पिशवीतून काढून तिने डिकीत कोंबली आणि रिकाम्या पिशवीत मांजरीला घातलं.

"पाळणार की काय हिला?" मॅनेजरने विचारलं.

"पाळतंय कोण! दोन दिवस खाऊ-पिऊ घालते, टुणटुणीत झाली की सोडून देते."

दोन दिवसांत एवढं काम होतं असं तिला खरोखरच वाटलं होतं.

घरी सासूबाई खिडकीतल्या खुर्चीवर बसून रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चुका काढत होत्या. गेली अकरा वर्षं त्यांचा हाच उद्योग होता. त्याआधी पस्तीस वर्षं त्या मोठ्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात आया होत्या. गल्लीतले जुने लोक त्यांना अजून 'आयाबाई' म्हणत. निवृत्त झाल्या, गुडघे गेले, आणि हातांना काम उरलं नाही तशी जीभ दुप्पट कामाला लागली. माणूस वाईट नव्हतं, पण सूनबाईचं आणि त्यांचं कधी गूळपीठ जमलं नाही. सासूबाईंच्या हातचं वाढणं म्हणजे भांडं भरलेलं आणि माणूस अर्धपोटी. लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने किल्लीताई ताटावरून उपाशीच उठत होती. "हात फार आखूड गं आमच्या सासूबाईंचा," असं तिने माहेरी जाऊन सांगितलं होतं, आणि ते मत पुढे बदलायचं काही कारण घडलं नव्हतं.

तिने मांजरीला पाटाखाली ठेवलं, मोठी वाटी काठोकाठ दुधाने भरली आणि तिच्या नाकाशी सरकवली. मांजरीचं डोकं थरथरत वर आलं आणि ती लपालपा दूध प्यायला लागली. किल्लीताईला समाधान वाटतंय न वाटतंय तोच मागून एक हात आला आणि वाटी उचलून घेऊन गेला. सासूबाई काठी न घेता खुर्चीवरून इथवर आल्या होत्या.

"मारायचंय का तिला?"

"अहो आई, उपाशी आहे ती!"

"उपाशी आहे म्हणूनच म्हणते. किती दिवसांची?"

"बावीस."

"बावीस दिवस पोट बंद होतं. त्यात हे एवढं ओतायचं? तू गंजलेल्या कुलपात किल्ली घालून एकदम पिळतेस का गं?"

दाखला किल्लीताईच्याच धंद्यातला होता. तेवढ्यात मांजरीने प्यायलेलं होतं नव्हतं ते सगळं फरशीवर ओकून टाकलं.

जनावरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. तिथला डॉक्टर तरुण, हळू आवाजात बोलणारा. त्याने मांजरीला वजनकाट्यावर ठेवलं. दीड किलो. "साडेतीन तरी हवं होतं," तो म्हणाला. "दोन-तीन वर्षांची असेल." त्याने कातडीखाली सलाइन दिलं, हिरड्या पाहिल्या, अंगावरच्या पिसवा पाहून चुकचुकला. "दूध बंद. उकडलेलं चिकन मऊ वाटून, पातळ करून, दर दोन तासांनी एक चमचा. मीठ नाही, मसाला नाही. जंताचं औषध आत्ता नको, तिला झेपणार नाही. पहिले पाच दिवस नाजूक असतात हं ताई. खायला मागेल, पण वाढवू नका."

घरी येऊन तिने हे सगळं सांगितलं तेव्हा सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "बरोबर सांगितलंय पोराने," शेवटी म्हणाल्या, जणू त्याला परीक्षेत पास केलं.

आणि त्या क्षणापासून मांजरी किल्लीताईची राहिली नाही. सासूबाईंनी घराचा ताबाच घेतला. खोकं आलं, खोक्यात ट्रकवर गेलेल्या लेकाचा जुना स्वेटर आला, गरम पाण्याची बाटली बनियनमध्ये गुंडाळून आली. "पोटाला टेकव, पाठीला नको," इति आयाबाई. औषधाच्या दुकानातून बिनसुईची सिरिंज आणायला लावली. मांजरीला पंच्यात गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन, ओठाच्या कोपऱ्यातून एकेक थेंब त्या आत सोडत. एक चमचा पाजायला पाऊण तास लागे, आणि त्या पाऊण तासात घरात कुणी भांडं आदळायचं नाही, हाक मारायची नाही, शिंकायचंसुद्धा नाही.

"हिचं नाव काय ठेवायचं?" किल्लीताईने विचारलं.

"काही नाही. आमच्या वॉर्डात बाळ वजन धरेपर्यंत आम्ही खाटेच्या नंबराने बोलायचो. नाव घेतलं की जीव गुंततो. जीव गुंतला की हात सुटतो."

म्हणून तिला नाव पडलं 'पेशंट'. दुकानात किल्ली करून घ्यायला आलेली माणसंही विचारू लागली, "काय म्हणतोय पेशंट?" आतून उत्तर यायचं, "पेशंट झोपलाय, हळू बोला!"

दुसऱ्या दिवशी पेशंटला शी झाली. सासूबाईंनी ती चष्मा लावून पाहिली आणि लेकाचा दहावीचा निकाल पाहतानासुद्धा जो आनंद त्यांच्या तोंडावर दिसला नव्हता तो दिसला. तिसऱ्या दिवशी मांजरी उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. सासूबाईंनी बारीक फणीने तिच्या पिसवा काढल्या, एकेक टिपून साबणाच्या पाण्यात टाकली. गुडघे दुखतात हे त्या तीन दिवसांत एकदाही म्हणाल्या नाहीत. किल्लीताई आपली हत्यारं घासत हे बघायची आणि मनात म्हणायची, अकरा वर्षं या बाईला आपण खिडकीत बसवून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी तिला एका कार्यालयाची तिजोरी उघडायला जावं लागलं. काम चिवट निघालं. दुपार कलल्यावर ती परतली, तर घर चिडीचूप. सासूबाई जमिनीवर खोक्यापाशी बसल्या होत्या. एरवी त्यांना जमिनीवर बसता येत नसे.

मांजरी खोक्यात होती, पण तिचं डोकं खाली लोंबत होतं. हनुवटी छातीला टेकलेली. मान वर करायला बघत होती आणि मान वर होत नव्हती. पाय लुळे पडले होते. बाजूला वाटी होती, मोठी वाटी, चाटून पुसून रिकामी.

"मी दिलं," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"सगळं. संध्याकाळपर्यंतचं सगळं एकदम दिलं. ती पहिल्यांदाच ओरडली गं. माझ्या पायाला डोकं घासलं आणि ओरडली." त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. "चल, उचल तिला. मीपण येते."

स्कूटरवर मागे बसायला त्या कधीच तयार नसत. त्या दिवशी खोकं मांडीवर घेऊन बसल्या.

डॉक्टरने एका नजरेत ओळखलं. "फार दिवस उपाशी राहिलेल्या अंगात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार झपकन खाली येतात. मग स्नायूंतली ताकद जाते, मान पडते. हृदयावरही येऊ शकतं. वेळेत आणलंत. सलाइनमधून क्षार देतो, दोन दिवस इथेच ठेवू. बघू या."

"बघू या म्हणजे काय डॉक्टर?" किल्लीताईने विचारलं.

"म्हणजे बघू या," तो म्हणाला.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. समोर एक माणूस पोपटाचा पिंजरा घेऊन बसला होता, त्याचा नंबर लागला तसा तो आत गेला. सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"तो डॉक्टर मला काही बोलला का नाही?"

"तुम्हाला काय बोलणार तो? वयाने मोठ्या तुम्ही."

"बोलायला हवं होतं त्याने. कुणीतरी बोलायला हवं." मग त्या समोरच्या भिंतीकडे बघतच सांगायला लागल्या. "नोकरीला लागून तिसरं वर्ष होतं. एक बाळ आलं होतं. दीड वर्षाचं, दिसायला सहा महिन्यांचं. नुसते डोळे. डॉक्टरांनी मोजून दिलं होतं, इतके चमचे, इतक्या तासांनी. आणि ते पोर, वाटी दिसली की हात पुढे करायचं. रडायचं नाही. रडायला ताकद नव्हती. नुसता हात पुढे करायचं. सिस्टर जेवायला गेल्या होत्या. मी अर्धा कप पेज पाजली त्याला. इतकं खूश झालं गं. माझ्या बोटाला धरून झोपलं."

किल्लीताई बाकावर त्यांच्याकडे सरकली.

"सकाळी खाट रिकामी होती. डॉक्टरांनी कागदावर काय लिहायचं ते लिहिलं. आधीच अशक्त होतं, सगळ्यांना वाटलं जायचंच होतं. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या सासऱ्यांनाही नाही. त्यानंतर बत्तीस वर्षं माझ्या हातून एक थेंब जास्त गेला नाही. बाया मला दगड म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या. मी म्हणायचे, म्हणा. घरी वाढताना हात आपोआप आखडायचा, तेही मला कळायचं, पण इलाज नव्हता. आणि आज ही एवढीशी मांजर ओरडली आणि गेलं सगळं पाण्यात."

कुलूप बिघडलं तर किल्लीताईला दहा उपाय ठाऊक होते. तिने सासूबाईंचा हात धरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच धरला असेल. तो हात थंडगार होता आणि बोटांना मऊ वाटलेल्या चिकनचा वास येत होता.

"आई, घरी चला. मी थांबते इथे."

"मी हलणार नाही."

आणि खरंच हलल्या नाहीत. दवाखाना बंद व्हायच्या वेळी डॉक्टरने हात जोडले तेव्हा कुठे उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर होत्या. आत मांजरीच्या पायाला नळी लावली होती. डोकं अजून खालीच. सासूबाई पिंजऱ्याशेजारी स्टुलावर बसल्या. डॉक्टरचा मदतनीस एका पिल्लाला सिरिंजने दूध पाजत होता. पिल्लू ठसकत होतं. दोनदा त्यांनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा राहवलं नाही.

"अरे, मान उताणी करतोस कशाला? श्वासात जाईल. आण इकडे."

मदतनिसाने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर मानेनेच हो म्हणाला. सासूबाईंनी पिल्लाला पालथं धरलं, हनुवटीखाली एक बोट ठेवलं, आणि दहा मिनिटांत दूध संपलं. एकही ठसका नाही. ओल्या कापसाने त्याचं ढुंगण हलकेच चोळून त्याला शू करायला लावली आणि मदतनिसाच्या हातात परत दिलं. "असं," एवढंच बोलल्या आणि आपल्या पेशंटकडे वळल्या.

तिसऱ्या प्रहरी किल्लीताई डबा घेऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिला खुणेने जवळ बोलावलं. मांजरीने डोकं उचललं होतं. पुरतं नाही, दोन बोटं. उचललं आणि तिने सासूबाईंकडे असं पाहिलं की जणू म्हणत होती, झालं का तुमचं रडून?

"मी कुठे रडतेय," सासूबाई म्हणाल्या आणि नाक पुसलं.

घरी आल्यावर पुन्हा एक चमच्यापासून सुरुवात झाली. या वेळी वाटण किल्लीताईच्या ताब्यात होतं. ती दुकानातल्या लोखंडी कपाटात वाटी ठेवायची, कुलूप लावायची आणि किल्ली कमरेला खोचायची. ही अट सासूबाईंनीच घातली होती. "माझ्यावर भरवसा नाही म्हणून नाही," त्या म्हणाल्या, "तिच्या ओरडण्यावर भरवसा नाही." दोन तास झाले की आतून हाक येई, कुलूप उघडे, एक चमचा मोजून बाहेर येई, कुलूप लागे. शेजारी म्हणाले, सोनंनाणं ठेवलंय की काय. किल्लीताई म्हणाली, "चिकन."

आठ दिवसांनी एकाचे दोन चमचे झाले. पंधरा दिवसांनी ती स्वतः बशीतून खायला लागली. फासळ्यांवर आधी कातडी सैल झाली, मग कातडीखाली काहीतरी भरू लागलं. पाठीवरचा राठ केस गळून मऊ केस आला आणि कळलं की ही करडी नाहीच. धूळ आणि खळ धुतली गेल्यावर ती पांढरी निघाली, अंगावर नारिंगी ठिपके. किल्लीताई म्हणाली, "घ्या! आपण भलतीच मांजर वाचवली."

किल्लीताईचा नवरा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून दोनदा घरी यायचा. या वेळी लांबची फेरी लागल्यामुळे तो तीन आठवड्यांनी उगवला. येऊन पाहतो तर त्याच्या स्वेटरवर एक मांजर पसरलेली, त्याची आई जमिनीवर मांडी घालून तिच्या नख्या बघतेय, आणि बायको कपाटाला कुलूप घालून बसलीये.

"मी घर चुकलो काय?" तो दारातूनच म्हणाला.

"हळू," दोघी एकदम म्हणाल्या.

त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. या दोघी एका सुरात बोलताना त्याने आजवर ऐकलं नव्हतं. "हिचं भाडं किती ठरलंय?" त्याने मांजरीकडे बोट दाखवून विचारलं. आणि कुणी काही म्हणायच्या आत तिला 'भाडेकरीण' म्हणून हाक मारली. मांजरीने एक कान हलवला. वजन अडीच किलोच्या वर गेलं होतं. नाव घ्यायला आता हरकत नव्हती.

त्या रविवारी जेवताना सासूबाईंनी लेकाच्या ताटात वाढलं, सुनेच्या ताटात वाढलं, आणि मग थोडं थांबून सुनेच्या ताटात आणखी एक पळी घातली. किल्लीताईला भूक नव्हती. तिने गुपचूप सगळं खाल्लं.

महिनाभराने डॉक्टर स्वतः दुकानात आला. किल्ली करून घ्यायला आला असेल असं समजून किल्लीताईने हात पुढे केला, तर तो म्हणाला, "आजी आहेत का?"

त्याच्याकडे कुणीतरी तीन पिल्लं आणून सोडली होती. आई नव्हती. हातभर खोक्यात तिघं, एकाचेही डोळे धड उघडलेले नाहीत. मदतनिसाच्या हातून जमत नव्हतं. "सकाळचे दोन-तीन तास आलात तरी पुष्कळ होईल. तुमच्यासारखा हात मी पाहिला नाही."

सासूबाईंचा चेहरा एकदम मिटला. "माझ्या हातून काय झालं ते तुम्ही पाहिलंत ना, डॉक्टर? मग?"

"पाहिलं. आणि उचलून तासाभरात घेऊन आलात तेही पाहिलं. लोक दुसऱ्या दिवशी आणतात."

"नाही जमायचं मला."

तो गेल्यावर किल्लीताईने आपलं डोकं चालवलं. "आई, माझ्या हातून सुरुवातीला एका बाईची अख्खी तिजोरी बाद झाली होती. पार वितळवून ठेवली होती मी. म्हणून काय मी कुलपं सोडली?"

"तिजोरी आणि जीव एक का गं?"

"नाही," किल्लीताई म्हणाली. खरंच एक नव्हतं. तिने विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानाची फळी उघडायला गेली तर सासूबाई नेसून-सवरून पायरीवर उभ्या. अंगावर वॉर्डातला निळा कोट, पेटीतून काढलेला, घड्या तशाच्या तशा. एका हातात काठी.

"सोडतेस का? की चालत जाऊ?"

किल्लीताईने फळी तशीच ठेवली. स्कूटर काढली.

तीन पिल्लांतलं एक चौथ्या दिवशी गेलं. कुणाची चूक नव्हती, जन्मतःच त्याच्या छातीत घरघर होती. सासूबाई त्या दिवशी घरी आल्या त्या धुमसतच. भाडेकरिणीवर ओरडल्या, लेकाचा फोन आला तर त्याच्यावर ओरडल्या, सुनेला म्हणाल्या की तुझी स्कूटर फार हादरते. जेवल्या नाहीत. किल्लीताईला वाटलं, संपलं. सकाळी तिने मुद्दामच दुकान वेळेवर उघडलं नाही, आत कपडे वाळत घालत रेंगाळली. आठ वाजता पायरीवरून आवाज आला, "अगं ए, उशीर होतोय! दोघं उपाशी असतील तिकडे."

ती दोन्ही पिल्लं पुढे चांगल्या घरी गेली. मग दुसरी आली. मग एक म्हातारा बोका आला, ज्याचे दात पडले होते आणि जो सासूबाईंशिवाय कुणाच्या हातून खायला तयार नव्हता. दोघांचं छान जमलं, दोघंही कुरकुरे. खिडकीतली खुर्ची रिकामी पडली. तिच्यात आता भाडेकरीण बसून रस्त्यावर लक्ष ठेवायची. सव्वातीन किलोची झाली होती, आणि उंदीर दिसला तर बाजूला सरकून त्याला वाट द्यायची.

एकदा किल्लीताई सासूबाईंना घ्यायला दवाखान्यात गेली. दार ढकलणार तोच आतून कुणाच्या तरी हुंदक्यांचा आवाज आला. ती बाहेरच थांबली. स्टुलावर कॉलेजात जाणारी असावी अशी एक मुलगी बसली होती. मांडीवर हाडांचा सापळा झालेलं कुत्र्याचं पिल्लू, हातात चमचा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पण ते मागतंय हो आजी," मुलगी म्हणत होती. "माझ्याकडे बघून मागतंय. मी नाही कसं म्हणू?"

"मागणारच," सासूबाई म्हणाल्या. निळ्या कोटाच्या बाह्या वर सारून त्या मुलीसमोर वाकल्या होत्या. "आणि तुला द्यावंसं वाटणारच. मला वाटलं होतं. एकदा एका बाळाला दिलं होतं मी, ते गेलं. एकदा माझ्या मांजरीला दिलं, ती वाचली. म्हणून सांगते, स्वतःवर विश्वास ठेवू नकोस. एक चमचा द्यायचा, आणि वाटी उचलून दुसऱ्या खोलीत जायचं. तिथे बसून हवं तेवढं रड. घरात आणखी कुणी आहे?"

"आई आहे."

"तिच्या हातात दे वाटी. एकटीने करायचं काम नाही हे."

मुलीने नाक पुसलं आणि मान डोलावली. सासूबाईंनी तिच्या हातातला चमचा नीट धरायला लावला, पिल्लाची हनुवटी जराशी उचलून दाखवली. पिल्लाची जीभ बाहेर आली आणि चमच्याला लागली.

किल्लीताईने दार हळूच पुन्हा लोटून घेतलं. स्कूटर सावलीत लावली आणि तिच्यावर बसून वाट बघत राहिली. घाई कसलीच नव्हती.